तांदळातलं नाव, पासपोर्टावरचं नाव

परवा सकाळी चहा टाकला होता, तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. माझा एक जुना विद्यार्थी. आता त्याच्याच डोक्यावरचे केस पांढरे झालेत, पण दारात आला की अजून चपला कोपऱ्यात नीट लावून उभा राहतो. हातात प्लास्टिकची फाइल होती. आमच्या माकणीत माणूस सकाळी सकाळी फाइल घेऊन आला की समजावं, लग्न तरी जमलंय नाहीतर जमिनीची वाटणी तरी निघालीय. याच्याकडे लग्न होतं.

मुलगी पुण्यात इंजिनिअर. मुलगा अमेरिकेत, कंपनीच्या व्हिसावर. त्याला सुट्टी मिळून मिळून तीन आठवड्यांची. त्यात लग्न, सत्यनारायण, तुळजापूरला जाऊन येणं आणि व्हिसाची मुलाखत, एवढं सगळं बसवायचं.

"गुरुजी, पोरीचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा हाय. पाव्हणे म्हणतेत, लग्न लागलं की लगेच आमचं नाव लावून नवा काढा. फारम तेवढा भरून द्या."

मी म्हणालो, "फॉर्म भरून देणार नाही. नाव बदलायचंच नाही."

तो गडबडला. थोडा वेळ कपाकडे बघत बसला. मग हळूच म्हणाला, "पण गुरुजी, ताईच्या वेळी तर तुम्हीच..."

होय, मीच. म्हणून तर सांगतोय.

त्याला तोंडी जे सांगितलं ते नीट लिहून ठेवावं असं दिवसभर डोक्यात राहिलं. आपल्या नात्यातल्याच तीन मुली येत्या वर्षभरात लग्न होऊन बाहेर जाणार आहेत, आणि हे पान वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं-बाळं तिकडे आहेत. मुलीला फोनवर विचारलं, तुझी हकिकत लिहू का? ती म्हणाली, "लिहा आप्पा. पण ह्यांना व्हिलन करू नका." तर आधीच सांगतो, या गोष्टीत जावईबापू व्हिलन नाहीत. कोणी असेलच तर तो मी आहे.

आता कागदांच्या बाबतीत मला बोलायचा अधिकार काय, असं कुणी विचारेल. बाबांनो, मी आयुष्यभर शाळेत जनरल रजिस्टर लिहिलं. आमच्या भागात त्या काळी पोराला शाळेत घालायला आजी यायची. जन्मतारीख विचारली की सांगायची, "पाऊस लई पडला त्या साली, पोळ्याच्या आसपास." मग आम्ही मास्तर मंडळी पोराचे दात बघून वर्ष ठरवायचो आणि तारीख लावायचो १ जून. त्यामुळे आमच्या पिढीतलं निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं आहे. त्या एका शाईच्या ओळीवर पुढे नोकऱ्या लागल्या, पेन्शनी ठरल्या, आणि आता पासपोर्टसुद्धा निघतात. पेन माझ्या हातात होतं, तेव्हा त्याचं वजन मला कळलं नव्हतं.

ते कळलं ३० सप्टेंबर १९९३ नंतर. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि त्या पट्ट्यातली कितीतरी गावं मातीमोल झाली. सगळ्यांनी माणसं शोधली, आणि माणसं सापडल्यावर, किंवा न सापडल्यावर, कागद शोधले. त्या दिवसांत कितीतरी अर्ज मी भरून दिले. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पुरुषांची नावं सातबाऱ्यावर, सोसायटीत, शाळेत, कुठे ना कुठे सापडायची. बायांचं नाव विचारलं की दोन दोन नावं निघायची. माहेरचं वेगळं, सासरचं वेगळं, आणि यातलं कोणतं कोणत्या कागदावर आहे ते तिला स्वतःलाच ठाऊक नसायचं. एवढं डोळ्यांनी बघूनही मी माझ्या मुलीच्या बाबतीत तेच केलं, याचं आज जास्त वाईट वाटतं.

तर आता ती हकिकत.

मुलीचा पासपोर्ट मे २००२ मध्ये निघाला, अर्थात माहेरच्या नावाचा. पासपोर्ट दहा वर्षांचा असतो. लग्न जानेवारी २००४ मध्ये झालं. जावईबापूंना तेव्हाही सुट्टी तीनच आठवडे, त्यामुळे नाव बदलायला वेळ नव्हता. माहेरच्या नावाच्या पासपोर्टावर विवाहाचा दाखला जोडून मुंबईला मुलाखत झाली आणि तिला एच-४ व्हिसा मिळाला. एच-१बी वर काम करणाऱ्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला मिळतो तो हा व्हिसा. काही अडलं नाही. आठ वर्षं ती त्याच नावाने तिकडे राहिली. लायसन्स त्याच नावाचं, बँकेचं खातं त्याच नावाचं. नातू २००६ मध्ये तिकडेच झाला.

डिसेंबर २०११ मध्ये तिने फोनवर सहज सांगितलं, "आप्पा, पासपोर्ट मे महिन्यात संपतोय. रिन्यूला टाकतेय." मी म्हणालो, "आता तरी सासरचं नाव लावून घे. लोक विचारतात." कोण लोक विचारत होते? खरं सांगायचं तर कुणीच नाही. एका लग्नात तिच्या चुलतसासऱ्यांनी एकदा थट्टेत काहीतरी म्हटलं होतं, तेवढंच. जावई म्हणाले होते, "राहू द्या की, काय फरक पडतो." पण मी हट्टाला पेटलो. मुलीने ऐकलं. बापाचं ऐकायची तिला सवय होती, ती सवयही मीच लावलेली.

आपल्याकडच्या बाईच्या नावाची गंमत बघा. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. लग्न झालं की बापाचं जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, आणि तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं असेल तर पहिलंही बदलतं. तीन शब्दांचं नाव, तिन्ही शब्द नवे! तिकडच्या साहेबाने दोन कागद शेजारी ठेवले तर ही एकच बाई आहे हे त्याने कशावरून ओळखावं? चेहऱ्यावरून? आठ वर्षांत तोही बदललेला. मुलीच्या अर्जात तिन्ही शब्द बदलले होते. मग प्रतिज्ञापत्र, विवाहाचा दाखला, इकडून चौकशी. जुना पासपोर्ट अर्जासोबत द्यावा लागतो, तो दिलेला. म्हणजे तिच्या हातात ना जुना पासपोर्ट, ना नवा.

आणि जानेवारी २०१२ मध्ये आमच्या हिच्या छातीत दुखायला लागलं. सोलापूरला नेलं. बायपास करावी लागेल म्हणाले.

मुलीचा रोज फोन. रोज तेच. "आप्पा, अजून आला नाही." नुसतं नूतनीकरण असतं तर एवढा वेळ लागला नसता, असं जावयांनी नंतर सांगितलं. त्यांनी ते टोमणा मारून सांगितलं नाही, त्यामुळे जास्त लागलं. ऑपरेशनच्या दिवशी हिला आत न्यायला लागले, तेव्हा हिने मुलीचं माहेरचं नाव घेऊन विचारलं, "निघाली का?" मी म्हणालो, "तिकीट मिळेना झालंय." चाळीस वर्षांच्या संसारात मी हिच्याशी फार खोटं बोललो नाही. त्या दिवशी बोललो.

ऑपरेशन नीट झालं. नवा पासपोर्ट मार्चअखेर मुलीच्या हातात पडला. सोबत जुना परत आला, कोपरा कापून रद्द केलेला. अमेरिकेचा व्हिसा त्या रद्द झालेल्या पासपोर्टात, ऑक्टोबर २०१३ पर्यंतचा. आता हा व्हिसा नव्या पासपोर्टात कसा आणायचा, हा प्रश्न.

इथे थोडं शिकवणीसारखं होईल, पण मास्तराची खोड आहे, सांभाळून घ्या. आपल्याकडे 'व्हिसा ट्रान्स्फर' हा शब्द गॅसचं कनेक्शन ट्रान्स्फर केल्यासारखा वापरतात. अमेरिकेच्या बाबतीत असं काही नसतं. पासपोर्ट संपला तरी त्यातल्या व्हिसाची मुदत संपत नाही. जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट एकत्र बाळगून प्रवास करायचा. व्हिसाचं पान फाडून किंवा चिकटपट्टी काढून नव्यात लावली तर तो व्हिसाच बाद होतो. मला हे पटायला वेळ लागला. मग माझ्या पदवीच्या कागदाकडे लक्ष गेलं. त्यावर छापलंय 'मराठवाडा विद्यापीठ'. १९९४ मध्ये नामविस्तार झाला आणि ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. म्हणून माझी बी.ए. रद्द झाली का? नाही. तसंच हे.

पण नाव बदललेलं असलं की दोन पासपोर्टांत दोन नावं, मग मधला पूल म्हणून विवाहाचा दाखला बरोबर लागतो. आणि आपला दाखला असतो मराठीत. त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्यावं लागतं.

दुसरी गोष्ट याहून नाजूक. व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते दाराशी उभा असलेला अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. तेव्हा ते पासपोर्टात टाचलेलं पांढरं कार्ड असे. २०१३ पासून विमानाने जाणाऱ्यांसाठी ती नोंद संगणकावर असते, ती आपण उघडून बघायची. आता गोम अशी की पासपोर्ट लवकर संपणार असेल तर अधिकारी पुष्कळदा पासपोर्टाच्या मुदतीपर्यंतचीच तारीख देतात. मुलगी, जावई, नातू जुलै २०११ मध्ये इथून परत गेले, तेव्हा जावयांना ऑक्टोबर २०१३ मिळाला आणि मुलीला मे २०१२. दोघं एकाच रांगेत, एकाच खिडकीशी उभे होते. नातू अमेरिकेचा नागरिक, त्याला तारखेची भानगडच नाही. त्या घरात सगळ्यात पक्का कागद पाच वर्षांच्या पोराचा होता, आणि सगळ्यात कच्चा त्याच्या आईचा.

ती तारीख आठ महिने कुणी बघितलीच नाही. घरातले सगळे कागद जावई सांभाळायचे, एका फाइलमध्ये, अगदी टापटीप. त्यांनी स्वतःची तारीख बघितली होती आणि बायकोची तीच असणार असं गृहीत धरलं होतं. नवा पासपोर्ट आल्यावर मुलीने पहिल्यांदा ती फाइल स्वतः उघडली, झेरॉक्स काढायला म्हणून. आणि तिला ते पांढरं कार्ड दिसलं. एप्रिलचा पहिला आठवडा होता. नवा पासपोर्ट दहा वर्षांचा, व्हिसा दीड वर्षाचा, आणि राहायची परवानगी सहा आठवड्यांची! ती मुदत चुकली असती तर ती तिकडे बेकायदा राहणारी ठरली असती, आणि तिला ते कळलंही नसतं.

उपाय दोन होते. तिथूनच मुदतवाढीचा अर्ज करायचा, किंवा देशाबाहेर जाऊन नव्या पासपोर्टावर पुन्हा आत यायचं, म्हणजे नवी तारीख मिळते. तिने दुसरा निवडला. आईला भेटायचंच होतं. एप्रिलमध्ये आली, महिनाभर राहिली. परत जाताना विमान कंपनीच्या काउंटरवर तिकीट एका नावाचं, व्हिसा दुसऱ्या नावाचा म्हणून बराच वेळ थांबवून ठेवलं. मी बाहेर काचेपलीकडून बघत होतो. मुलगी एकेक कागद काढून समजावून सांगत होती. माझ्या हट्टाचा हिशेब ती पोर देत होती आणि मी नुसता उभा. शेवटी सोडलं. तिकडे उतरल्यावर अधिकाऱ्याने दोन प्रश्न विचारले आणि बरोबर तारीख दिली.

हिला मी खरं काय ते पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं. ही रागावली नाही. म्हणाली, "तांदळातलं नाव तांदळातच ठेवायचं असतं." हिचंही नाव मी तांदळात लिहून बदललं होतं. माहेरी गेली की मात्र ती तिच्या जुन्या नावालाच ओ द्यायची. २०१९ मध्ये ही गेली. तेव्हा मुलगी उशाशी होती, एवढं तरी देवाने केलं.

असो.

आता माझं म्हणणं सांगतो. पहिलं, लग्न झालं म्हणून मुलीच्या पासपोर्टावरचं नाव बदलू नका. कायद्याने ते कधीच सक्तीचं नव्हतं. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टाचे नियम सैल झाले तेव्हा विवाहाच्या दाखल्याची अटही गेली, आणि एप्रिल २०१७ मध्ये तर खुद्द पंतप्रधानांनी जाहीर सांगितलं की लग्नानंतर बाईला पासपोर्टावरचं नाव बदलायची गरज नाही. तरीही आपण बदलतो, कारण पाहुणे काय म्हणतील.

आमच्या जिल्ह्याचंच बघा. उस्मानाबादचं धाराशिव करायचं तर किती वर्षांची मागणी, राज्याचं मंत्रिमंडळ, केंद्राची मान्यता, २०२३ च्या अधिसूचना, आणि मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल, एवढं सगळं लागलं. नाव बदलावं की नाही यावर दोन्ही बाजूंनी माणसं हिरिरीने बोलली. एका जिल्ह्याच्या नावासाठी एवढा विचार होतो. आणि हाडामासाच्या बाईचं नाव? एक ताट, मूठभर तांदूळ, एक अंगठी. तिला विचारलंय कुणी?

आनंदीबाई जोशींचं उदाहरण आम्ही वर्गात दरवर्षी सांगायचो. माहेरचं नाव यमुना, लग्नात आनंदी झाल्या. १८८३ मध्ये नवऱ्याला मागे ठेवून एकट्या बोटीने अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. गोपाळराव नंतर गेले. म्हणजे आपल्यातली जी बाई पहिल्यांदा तिकडे शिकायला गेली ती कुणाची 'डिपेंडंट' म्हणून गेली नाही, स्वतःच्या कामासाठी गेली. आणि आज सव्वाशेहून जास्त वर्षांनी आपल्या इंजिनिअर मुली तिकडे उतरतात तेव्हा कागदावर त्यांची ओळख काय? अमक्याची बायको. जुन्या ब्रिटिश पासपोर्टांत नवऱ्याच्याच पासपोर्टात बायकोचं नाव घालायची सोय असे. आता पुस्तिका वेगळी झाली, पण दोरी तीच राहिली. नवऱ्याची नोकरी गेली की तिचाही मुक्काम धोक्यात, घटस्फोट झाला की संपला. २०१५ पासून एच-४ वाल्या काही जणींना, म्हणजे ज्यांच्या नवऱ्यांचं ग्रीन कार्डाचं काम एका टप्प्यापुढे गेलंय त्यांना, नोकरीची परवानगी मिळू लागली. तीही नवऱ्याच्या कागदाला बांधलेली. २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेने वीस हजार एच-१बी वाल्यांना देश न सोडता व्हिसा नूतनीकरणाची सोय प्रयोग म्हणून दिली. त्यात एच-४ नव्हते. बायकांनी आपलं इकडे यावं आणि रांगेत उभं राहावं.

यात आपण काही बदलू शकत नाही, तो त्यांचा कायदा. पण म्हणूनच माझं दुसरं म्हणणं आहे, आणि ते पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे. बायकोचे कागद बायकोच्या हातात पाहिजेत. नवरा कितीही सज्जन असो, माझे जावई आहेत तसा. फाइल त्याच्या कपाटात असली की तारीखही त्याच्याच डोक्यात राहते, आणि त्याच्या डोक्यात त्याची स्वतःची तारीख असते. आणि नवरा सज्जन नसेल तर? पासपोर्ट काढून घेऊन बायकोला इथे माहेरी सोडून गेलेल्यांच्या कहाण्या आपण वर्तमानपत्रांत वाचल्या आहेत. अशा विवाहांच्या तक्रारी घ्यायला राष्ट्रीय महिला आयोगाला २००९ मध्ये वेगळा कक्ष काढावा लागला, यावरून काय ते समजा. १९६७ चा पासपोर्ट कायदा सांगतो की पासपोर्ट ही सरकारची मालमत्ता आहे. म्हणजे तो नवऱ्याचाही नाही आणि सासऱ्याचाही नाही. सरकारने तो जिच्या नावाने दिला, तिच्याजवळ तो असावा.

आता काही मंडळी म्हणतील, गुरुजी, जमाना बदलला, आता चिकटपट्ट्या राहिल्यात कुठे. खरं आहे. दुबईकडे २०२२ पासून पासपोर्टात रहिवासाचा स्टिकर लावणं बंद झालं, ओळखपत्रावर भागतं. इंग्लंडमध्ये कार्डं गेली आणि ई-व्हिसा आला, नवा पासपोर्ट काढला की त्याचा नंबर आपल्या खात्यात जाऊन भरायचा. पण ते खातं कुणाच्या ईमेलवर उघडलंय, पासवर्ड कुणाला ठाऊक आहे? दहा घरांत विचारा. फाइल कपाटातून मोबाइलमध्ये गेली, एवढाच काय तो फरक.

आणि फक्त परदेशांनाच बोल लावायला नको. आपलं सरकारही तेच करतं. गोऱ्या सुना-जावई आता आपल्याकडेही आहेत. त्यांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाचा २०२१ चा नियम असा की नवा पासपोर्ट काढला की दर वेळी तीन महिन्यांत त्याची प्रत टाकायची आणि लग्न अजून टिकून आहे असं लिहून द्यायचं! जगात सगळीकडे जोडीदाराच्या कागदावर राहणारं माणूस हे असं दर काही वर्षांनी पुन्हा पुन्हा आपलं नातं सिद्ध करत असतं.

नाव बदलण्याच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, तो टाळत नाही. आई आणि मुलांचं आडनाव वेगळं असलं की प्रवासात कधी कधी विचारतात, हे मूल तुमचंच का. मुलाचा जन्माचा दाखला बरोबर ठेवला की त्याचं उत्तर देता येतं. शिवाय काही मुलींना मनापासून सासरचं नाव हवं असतं. जरूर घ्यावं. पण ते तिने ठरवावं आणि वेळही तिनेच निवडावी. नवा व्हिसा काढायचाच आहे अशा वेळी पासपोर्टही नव्या नावाचा केला तर सगळं एका नावात येतं. जुना व्हिसा चालू असताना मधेच नाव बदलणं म्हणजे उभ्या पिकात नांगर घालणं. आणि आत्ता तर जास्तच जपायला हवं. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेकांना व्हिसासाठी पुन्हा समोर जाऊन मुलाखत द्यावी लागते, आणि डिसेंबर २०२५ मध्ये एच-१बी, एच-४ वाल्यांची समाजमाध्यमांवरची खाती तपासायला सुरुवात झाली तेव्हा भारतातल्या कितीतरी ठरलेल्या मुलाखती काही महिने पुढे गेल्या. इकडे लग्नाला आलेली माणसं इथेच अडकली. अशा दिवसांत हातातला चालू व्हिसा सोन्यासारखा सांभाळावा.

माझ्या विद्यार्थ्याला मी एवढंच लिहून दिलं. वहीच्या पानावर, फळ्यावर लिहायचो तसं. पासपोर्ट आहे त्याच नावाचा राहू द्यायचा. विवाहाची नोंदणी लगेच करायची, दाखल्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्यायचं, प्रती तिच्याजवळ. नवऱ्याच्या मंजुरीच्या कागदाची एक प्रत तिच्याजवळ. जाण्याआधी पासपोर्टाची मुदत बघायची, थोडीच उरली असेल तर इथूनच नवा करून जायचं. तिकडे उतरल्यावर पहिल्या आठवड्यात तिने स्वतः आपली आय-९४ उघडून नवऱ्याच्या तारखेशेजारी ठेवून बघायची. पासपोर्ट, व्हिसा आणि मुक्काम, या तिन्ही तारखा तिला पाठ पाहिजेत.

तो म्हणाला, "पाव्हण्यांना काय सांगू?"

म्हणालो, "गुरुजी म्हणाले म्हणून सांग. लग्नात तांदळात काय लिहायचं ते लिहा म्हणावं. तांदळाचा भात होतो, पासपोर्टाचा होत नाही."

तो हसला. फाइल उचलली, चपला घातल्या. मग परत वळून म्हणाला, "गुरुजी, हे पोरीलाच सांगा की फोनवर. मी मधी कशाला?"

मला फार बरं वाटलं. त्याने फोन लावून दिला. पोरीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थांबा गुरुजी, लिहून घेते." पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.